कंपाउंडरचा दाखला

हिंगणीत कुवार, म्हणजे आश्विन, लागला की तापाचा हंगाम येई, आणि तापाचा हंगाम आला की शरयूच्या घरी कागद कापायचं काम निघे.

दवाखान्यात दिवसाला शंभर-सव्वाशे पुड्या लागत. कोरा कागद त्यासाठी आणणं डॉक्टर बंडोपंतांना मंजूर नव्हतं. दवाखान्याची जुनी रजिस्टरं एका बाजूनेच लिहिलेली असत. तीच ते हरिदासच्या हवाली करत. हरिदास, शरयूचा नवरा, त्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तो रजिस्टर पिशवीत घालून घरी आणी, आणि शरयू चार बोटं लांब, तीन बोटं रुंद असे तुकडे कापून ठेवी. लिहिलेली बाजू बाहेर, कोरी आत; आत क्विनीन.

लेक पद्मा दहा महिन्यांची झाली होती. दात येत होते, त्यामुळे हाताला लागेल ते तोंडात. सुरी चालवायची म्हणून शरयूने लुगड्याची चिंधी तिच्या पायाला बांधून दुसरं टोक खाटेच्या पायाला अडकवलं होतं. तरी दर चार तुकड्यांमागे ती मान वर करून गाठ बघे. गाठ सैल नसायची. पुन्हा बघायची.

कापता कापता ती वाचत असे. वर्ध्याला इंटरपर्यंत शिकलेली. वडील गेले, कॉलेज सुटलं, लग्न झालं. हिंगणीत वाचायला दुसरं होतं काय? वाण्याच्या पुडीचा कागद नि ही रजिस्टरं. मंगरू, वय चाळीस, हिवताप, क्विनीन दहा ग्रेन. गंगा, वय सहा, जंत. कोणाचा खोकला किती दिवसांनी उतरला, कोणत्या वयाला कापराच्या टिंक्चरचे किती थेंब, सगळं हरिदासच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. एखाद्या घरातला ताप धाकट्यापासून थोरल्यापर्यंत कसा फिरला तेही तिला कळे, आणि मग ते पान सुरीखाली जाई.

त्या दिवशी हरिदास दुपारीच घरी आला. हातात नागपूरचा लिफाफा होता.

"शरयू, वाच बरं हे. मले अर्धं समजलं, अर्धं नाई."

तिने सुरी फडताळावर ठेवली, चिंधीची गाठ बघितली, मग कागद घेतला. इंग्रजी छापील अर्ज, सोबत सूचनांचं पान. तिने एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने मराठीत सांगितलं. औषधं तयार करणाऱ्यांची सरकार पहिल्यांदाच नोंद करत होतं. कॉलेजचा दाखला असेल त्याची नोंद होईलच. तसा दाखला नसला, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून पाच वर्षं औषधं स्वतः तयार केली असली, तर त्याचीही होईल. पण याच खेपेला. महिनाअखेर अर्ज पोचला पाहिजे. पुढे परीक्षा दिल्याशिवाय दार बंद.

"आन् नोंद नसन त?"

"तर बाटलीला हात लावायचा नाही."

हरिदास मॅट्रिकला गणितात नापास झाला होता. परीक्षा, कॉलेज हे शब्द त्याच्यासाठी नव्हते. पण तो हसला. "मंग झालं ना! साडेसात वर्सं झाली मले."

"पुरावा मागतात," शरयू म्हणाली. "डॉक्टरांचा दाखला, किंवा..." आणि ती थांबली.

"किंवा काय व?"

"किंवा दवाखान्याची रजिस्टरं."

दोघांनी एकदमच खाटेखाली बघितलं. तिथे टोपलीत तुकड्यांची चळत होती, दोऱ्याने बांधलेली, शंभराची एक. लग्नाला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तिच्या हाताखालून पाच रजिस्टरं गेली होती. दवाखान्यात उरलं होतं ते यंदाचं आणि गेल्या सालचं.

हरिदास खाली बसला. वरचा एक तुकडा उचलला. उजेडाकडे धरला.

"धुरपता, हातापायाले सूज..." तो वाचू लागला. "अक्षर माहंच हाय. तारीख कापल्या गेली." दुसरा उचलला. याच्यावर तारीख होती, नाव नव्हतं. मग त्याने दोन्ही तुकडे जागच्या जागी ठेवल्या आणि हसल्यासारखं केलं. "पाह्य शरयू, अख्ख्या पंचक्रोशीच्या चुलीत माही नोकरी जळली."

"मी वाचत होते हो," ती म्हणाली. "प्रत्येक पान वाचून कापत होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुह्या काऊन? आनत त मीच होतो."

पद्मा चिंधी तोंडात घालून चोखत बसली होती. शरयूने ती ओढून काढली, जरा जोरातच, आणि पोर रडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन दवाखान्यात गेली. ओसरीवर डॉक्टरांच्या बायको, अनुसयाबाई, सुपात तीळ निवडत बसल्या होत्या.

"आलीस? बरी आलीस. बस, एवढं निवड. पोरगी मांडीवर बसेल गुमान."

"काकू, डबा देते नि जाते."

"जाशील गं. कॉलेजात तीळ निवडायला नाही शिकवत वाटतं?"

शरयू बसली. आत डॉक्टरांची खुर्ची नि हरिदासचं टेबल यांच्यामध्ये एक हिरवा पडदा होता, तो बाजूला सारलेला होता. बाकावर सात-आठ माणसं कांबळी पांघरून कुडकुडत होती. हरिदास खलात काहीतरी खलत होता. खलता खलताच त्याने विषय काढला.

"साहेब, त्या दाखल्याचं."

"दाखला? देतो की." डॉक्टर बंडोपंत पासष्टीचे, गोरे, धिप्पाड. आवाज मऊ. "काय लिहायचं?"

"फारमात छापेल हाय साहेब. चिठ्ठीवरून औषधं बनवली, पाच वर्सं."

"औषधं बनवली?" डॉक्टर बाकाकडे वळून म्हणाले. "ऐका! अरे, औषधं मी बनवतो हरिदास. तू ढवळतोस."

बाकावरची माणसं हसली. तापातही हसली. हरिदासही हसला, आणि खल थांबला नाही.

"असं लिहितो," डॉक्टर पुढे म्हणाले, "दवाखान्यात हरकामाला होता, वर्तणूक उत्तम."

"त्यानं नाई होत साहेब."

"मग रजिस्टर आण. रजिस्टरात दिसेल तेवढं लिहितो. नाही तर दसरा जाऊ दे, मग बघू." जरा थांबून ते म्हणाले, "रजिस्टरं तर तुझ्याच घरी गेली, नाही का?"

शरयूच्या हातातलं सूप तिरपं झालं. चार तीळ ओसरीवर सांडले.

"वेच," अनुसयाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी हरिदास न्हाणीपाशी हात धूत बसला. जांभळ्या औषधाचे डाग बोटांवरून जात नव्हते. तो राखेने घासत होता, घासतच होता.

"तुम्ही मुकाट्यानं ऐकून कसं घेता?" शरयू म्हणाली. "सगळ्या लोकांसमोर? साडेसात वर्षं ढवळत होतात का तुम्ही?"

"बोलू दे."

"का बोलू दे? त्यांना दाखला द्यायचाच नाही. तुमची नोंद झाली तर तुम्ही दुकान काढाल, याची पोटदुखी आहे ती."

"पोटदुखी नाई व." त्याने हात झटकले. "भेव हाय त्यायले."

"कशाचं?"

त्याने टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ती बरंच वाचत असे. हे पान मात्र त्याने उलटू दिलं नाही. "मी उद्या पहिल्या मोटारनं वर्ध्याले जातो," तो म्हणाला. "वकिलाले इचारतो, पंचायतीनं लिहून देल्लं त चालते काय. नऊ दिवस हाय अजून. इथं डाक्टरसाहेबाले सांगतलं मी. फक्त एक गोष्ट. काकूनं बलावलं त जाजो. गर्दी लय हाय."

"मी? मी काय करू तिथे?"

"बाटल्या धुवून दे. आन्..." तो अडखळला. "नजर ठेवजो."

तिला वाटलं, पद्मावर.

सकाळी आठलाच अनुसयाबाईंचा निरोप आला. शरयू पोचली तेव्हा बाक भरून माणसं अंगणात बसली होती. औषधांची फळ्यांची मांडणी आज लखलखत होती.

"दसऱ्याची झाडपूस केली," अनुसयाबाई समाधानाने म्हणाल्या. "हरिदास असला की हात लावू देत नाही मेला. बोट बोट धूळ होती. सगळ्या बाटल्या काढल्या, पुसल्या, उंच मागे, बुटक्या पुढे, कशा ओळीत लावल्यात बघ."

शरयूने बघितलं, आणि मग कामाला लागली. गरम पाणी, राख, सोडा. रिकाम्या बाटल्या धुवायच्या, उपड्या घालायच्या. कागदाच्या पट्टीला घडी घालून कात्रीने दाते पाडायचे, आणि ती पट्टी बाटलीला उभी चिकटवायची, म्हणजे अडाणी माणसालाही एका वेळी किती घ्यायचं ते दात्यावरून कळतं. हे सगळं ती घरी शिकली होती. पद्मा कडेवर, कधी जमिनीवर, कधी टेबलाखाली. तिला हाताबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. इथे फळीवर काय काय होतं, ते तिला वाचून ठाऊक होतं.

डॉक्टर आज स्वतः टेबलाशी उभे होते. नाडी बघत, जीभ बघत, पोट दाबत. त्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. पण नंतर ते मांडणीकडे वळत आणि डाव्या हाताची बोटं फळीवरून चालवत. एक, दोन, तीन. तिसरी बाटली उचलत. बूच काढून नाकाशी नेत. आधी तिला ती जुन्या वैद्याची ऐट वाटली. मग एकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचं औषध हातात आलं, ते वास घेऊन ओळखलं, परत ठेवलं. पुटपुटले, "ही इथे कशी?" पुन्हा बोटं चालवली.

वास घेत होते. लेबल वाचत नव्हते.

शरयूचा धुण्यातला हात थांबला. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती, हरिदासच्या अक्षरात, चांगली ठळक. डॉक्टर त्या चिठ्ठ्यांकडे बघतही नव्हते. ती टेबलाजवळ सरकली, पट्ट्या चिकटवायचं निमित्त करून.

"नाव काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"धुरपता. जंगलाकडल्या टोल्यावरून आलो साहेब." बाई काळी, सडपातळ, चार कोसांवरच्या वस्तीतून चालून आलेली, पायांना अजून धूळ. पाठीच्या झोळीत लेकरू. तिने ते पुढे घेतलं. घरघरत होतं. "लेकरू निजत नाई. खोकलते, दूध टाकते. चार राती झाल्या."

"किती महिन्यांचं?"

"वर्साचं व्हायचं हाय अजून."

डॉक्टरांनी पोराची पाठ उघडी केली, कान लावला, बराच वेळ ऐकलं. "छाती साफ आहे. नुसता घशाचा खोकला. मिक्श्चर देतो, त्यात कापराचं टिंक्चर, पाच थेंब. आज निजेल बघ."

पाच थेंब, कापराचं. बरोबर, शरयू मनात म्हणाली. वर्षाच्या लेकराला हेच. चार रजिस्टरांत तिने वाचलं होतं.

डॉक्टरांची बोटं वरच्या फळीवर गेली. एक, दोन, तीन, चार. चौथी बाटली. बूच निघालं. नाकाशी नेली, पण सकाळपासून वास घेऊन नाक भरलं होतं, आणि दोन्ही औषधांना दारूचाच दर्प. तपकिरी थेंब मापाच्या ग्लासात पडू लागले. एक. दोन.

बाटलीवरची चिठ्ठी लाल होती. लाल म्हणजे विष. अफूचं टिंक्चर.

तीन. चार.

बाकावर नऊ माणसं. अंगणात पंधरा. दारात अनुसयाबाई. धुरपताची नजर ग्लासावर लागलेली, तहानलेल्याची पाण्यावर लागावी तशी. ओरडावं तर या म्हाताऱ्या माणसाचा दवाखाना आज, आत्ता, बंद होणार होता. न ओरडावं तर...

तिने कडेवरची पद्मा या बाजूची त्या बाजूला घेतली आणि घेता घेता कोपर लावलं. ग्लास टेबलावरून घरंगळला नि फरशीवर फुटला.

"अगं अगं! फोडलंस!" अनुसयाबाई धावल्या. "नागपूरहून आणलेला माप-ग्लास! पोरगी काखेत घेऊन कामं होतात का? इतकी शिकलीस, धड उभं राहता येईना?"

"चुकलं काकू."

"चुकलं म्हणे!"

"काय बाई व," बाकावरचा एक जण म्हणाला, "कंपाउंडरभाऊ दोन हातानं करते, तुले चार हात लागन."

लोक हसले. शरयूने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. मग पद्माला घट्ट धरून, काचा टाळत, तिने मांडणीतून दुसरी बाटली काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांच्या हातातली लाल चिठ्ठीची काढून घेतली. हलक्या आवाजात, फक्त त्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "हे घ्या साहेब. कापराचं हे आहे."

डॉक्टरांनी टेबलावर सांडलेल्या थेंबात बोट टेकवलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. कडू लागलं असणार. त्यांचा चेहरा गोरा होता तो राखेसारखा झाला.

"पुढचं," ते म्हणाले, "तू दे. मी सांगतो."

त्यानंतर त्यांनी एकाही बाटलीला हात लावला नाही. ते नाव सांगत, शरयू काढून देई, मोजून ओती, पट्टी चिकटवी. धुरपताने औषध झोळीत ठेवलं, लेकराच्या ओठाला बोट लावून बघितलं आणि शरयूला म्हणाली, "तुही पोरगी चांगली हाय व बाई. ग्लासच फुटला ना, लेकराले त नाई लागलं."

"नाही," शरयू म्हणाली. "लेकराला नाही लागलं."

बारा वाजून गेले तेव्हा अंगण रिकामं झालं. अनुसयाबाई स्वयंपाकाला आत गेल्या. पद्मा टेबलाखाली सतरंजीवर निजली. शरयू काचांचे बारीक तुकडे ओल्या फडक्याने टिपत होती. एकही राहिलेला तिला चालणार नव्हता.

"हरिदासनं सांगितलं तुला?" डॉक्टरांनी खुर्चीतून विचारलं.

"नाही. आज कळलं."

"घरीसुद्धा बोलला नाही?"

"नाही."

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "मोतीबिंदू. पिकला नाही अजून, पिकल्यावर काढू म्हणतात. मी सांगतो, तो करतो. मी चुकीचं सांगितलं तर म्हणतो, साहेब, मले नीट ऐकू नाई आलं, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगतो. तेव्हा बरोबर सांगतो."

शरयूने फडकं बादलीत पिळलं.

"कागद घे," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्याच्या नावाचा, त्या खणात आहे. लिही."

तिने घेतला. हात पुसले, पुन्हा पुसले. ते इंग्रजीत सांगू लागले, सावकाश, जुन्या वळणाचं. अमुक गावचा हरिदास, साडेसात वर्षांपासून माझ्या दवाखान्यात कामाला, वर्तणूक उत्तम, माझ्या देखरेखीखाली औषधांच्या कामी मला मदत करीत असे.

मदत. तिची लेखणी थांबली. सूचनांच्या पानावरचे शब्द तिला पाठ होते: स्वतः तयार केली. मदतनीस नागपूरच्या कचेरीला नको होते. या एका शब्दावर अर्ज परत येणार, आणि पुन्हा पाठवायला महिना उरणार नव्हता.

तिने समोर बघितलं. डॉक्टरांचे डोळे तिच्या दिशेला होते, पण तिच्यावर नव्हते. खिडकीच्या उजेडाकडे होते.

तिने लिहिलं. माझ्या चिठ्ठीवरून साडेसात वर्षं औषधं स्वतः तयार केली. टिपकागदाने टिपलं.

"झालं? आण इकडे, सही करतो."

लेखणी त्यांच्या हातात गेली. कागद टेबलावर होता. आता फक्त जागा दाखवायची होती. घरी जाऊन, अर्जाला जोडून, उद्याच्या टपालाने. हरिदासला सांगायचीही गरज नव्हती. तिने टेबलाखाली निजलेल्या पोरीकडे बघितलं, उगाच, गाठ बघावी तसं.

"आधी वाचून दाखवते," ती म्हणाली.

"मीच तर सांगितलं."

"तरी वाचते." आणि तिने वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एकही शब्द गाळला नाही.

आतून भाजीला फोडणी बसल्याचा आवाज आला.

"मी 'मदत' म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"वाचलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"म्हणूनच वाचलं."

"याची नोंद झाली की हा सेलूला जाईल. नाहीतर वर्ध्याला. दुकान टाकेल."

"टाकतीलही," शरयू म्हणाली. "मला सांगता येत नाही. माझ्याजवळ काही बोलले नाहीत."

"मग माझं काय? सांग ना. तू शिकलेली आहेस." हे ते टोचून बोलले नाहीत. विचारत होते.

"मला नाही माहीत साहेब," ती म्हणाली. मग तिला वाटलं, एक तरी गोष्ट यांना माहीत असायला हवी. "आजचं मी गावात कुठे बोलणार नाही. दाखला दिला नाहीत तरी नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. एकदाच. लेखणी बोटांत फिरवली.

"कुठे?"

तिने कागदावर बोट ठेवलं. "इथे. माझ्या बोटाच्या उजवीकडे." निब चाचपडत आलं, तिच्या नखाला लागलं, शाई नखावर उतरली. तिने बोट हलवलं नाही. मग तिथून सही सुरू झाली, तीस वर्षांच्या सवयीची, मोठी, झोकदार. नाव आलं, आडनाव आलं, आणि शेवटचा लांबलचक फराटा कागदाची कड ओलांडून लाकडावर गेला.

"नीट आली का?"

"नाव पूर्ण आलं. शेवट तेवढा टेबलावर गेला." ती फडकं घ्यायला वळली.

"राहू दे," डॉक्टर बंडोपंत म्हणाले. "तेवढा इथे राहू दे."